रोलचा कॅमेरा आणि वैनगंगेची रेती

साशंक : महाशिवरात्रीला आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याला जायचं, दर्शन घ्यायचं, यात्रेत फिरायचं, यात माझी काहीच हरकत नाही. पण रोलचा कॅमेरा गळ्यात अडकवून वैनगंगेच्या पात्रात उतरायचं, हे मला पटत नाही, काका. त्या दिवसांत पाणी एका अंगाला सरकलेलं असतं आणि उरलेल्या पात्रात नुसती रेती. हजारो पायांनी ती उकरलेली असते आणि दुपारी वारा सुटला की बारीक कण थेट छातीच्या उंचीपर्यंत येतात. रेती म्हणजे मुख्यतः गारगोटीचा चुरा. कठीणपणाच्या मोहस मापावर गारगोटी ७ वर आणि लेन्सची काच साधारण ५ ते ६ च्या दरम्यान. म्हणजे दोघी घासल्या तर ओरखडा काचेवरच पडणार. आणि काच तर नुसती बाहेरची बाजू झाली. फोकसची रिंग, अ‍ॅपर्चरची रिंग, रोल पुढे सरकवायची कळ, शटरची चकती, मागच्या झाकणाची फट : जिथे काही फिरतं किंवा उघडतं तिथे रेतीला वाट आहे. माझ्या पेंटॅक्स के१००० चं शटर रबर चढवलेल्या रेशमी कापडाचं आहे. ते अडकलं तर कॅमेरा कुणाकडे न्यायचा? रोलचा आणि धुलाईचा खर्च तर वेगळाच. खिशात मोबाइल असताना हा धोका कशासाठी पत्करायचा?

उत्साही : रेतीबद्दल तू म्हणतोस त्यातलं काहीच मी नाकारत नाही. पण रोलच्या कॅमेऱ्याचं अर्धं आयुष्य रेतीतच गेलंय, हेही लक्षात घे. यात्रेत पडदा लावून फोटो काढणारे फोटोवाले कुठे बसायचे? देवळाच्या आवारात जागा मिळाली नाही की नदीच्या रेतीतच बसायचे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे अगफा क्लिक थ्री होता. एकशेवीसचा रोल, बारा फोटो, फोकस ठरलेला, फिरणारे भाग मोजके. रेतीला आत शिरायला जागाच कमी. मी स्टुडिओ चालवला त्या काळात कॅमेरा मेला म्हणून कुणाची यात्रा बुडाली, असं मला आठवत नाही. याचं कारण नशीब नव्हतं. कॅमेऱ्याला धोका दिवसभर सारखा नसतो, हे त्या लोकांना माहीत होतं. कॅमेरा बंद असतो, लेन्सवर टोपी असते, पिशवीत कापडात गुंडाळलेला असतो, तेव्हा रेती त्याचं फारसं वाकडं करू शकत नाही. धोका असतो तो ठरावीक क्षणांना. रोल बदलताना, लेन्स बदलताना, कॅमेरा खाली ठेवताना आणि काच पुसताना. हे चार क्षण ज्याने ओळखले, त्याने बहुतेक काम केलं. तू मात्र या चार क्षणांची भीती अख्ख्या दिवसावर पसरवून ठेवलीस.

साशंक : तुमच्या काळाचा हिशोब आज लागू करू नका. तेव्हा कॅमेरा तुमचा धंदा होता. एक बिघडला तर दुसरा मिळत होता, दुरुस्त करणारे होते, सुटे भाग होते. रोलसुद्धा आपल्या देशात तयार होत होते. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता आणि त्याचे ‘इंदू’ रोल गावोगावी मिळायचे. आज तो कारखाना नाही. निकॉनने २०२० मध्ये एफ६ हा रोलचा कॅमेरा बंद केला. २०२२ मध्ये लायकाने एम६ पुन्हा काढला, २०२४ मध्ये पेंटॅक्सने ‘१७’ नावाचा नवा कॅमेरा आणला, हे मला ठाऊक आहे. पण आपल्यासारख्यांच्या हाती येतो तो जुनाच. के१००० चं उत्पादन १९९७ मध्ये थांबलं. म्हणजे माझ्या हातातला कॅमेरा एका मर्यादित साठ्यातला आहे. एक बिघडला की त्या साठ्यातून एक कमी होतो आणि त्याची जागा भरून निघत नाही. तुम्ही कॅमेरा वापरून संपवू शकत होता, कारण मागून दुसरा येत होता. आम्हाला तो पुढच्या माणसाच्या हाती सुस्थितीत द्यायचा आहे. अशा वस्तूला रेतीत नेणं मला बेजबाबदारपणा वाटतो.

उत्साही : साठ्याची गोष्ट मी मान्य करतो आणि ती हलक्याने घेत नाही. पण साठा फक्त कॅमेऱ्यांचा आहे का, ते बघ. मार्कंड्याची देवळं घे. मार्कंडेय, मृकंड ऋषी, यमधर्म आणि इतर मिळून सुमारे २४ देवळांचा हा समूह. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३ ते १८७५ च्या मध्यप्रांताच्या दौऱ्यात इथे आला, त्याने नोंदी केल्या आणि १८७९ मध्ये त्या छापून आल्या. पूर्वी कधीतरी मोठ्या देवळावर वीज पडून शिखराचा वरचा भाग कोसळला होता, ही हकिकतही त्याने लिहून ठेवली. ती नोंद नसती तर देवळाचं आजचं रूप आपण मूळचंच समजलो असतो. आता नदीकडे बघ. वर गोसीखुर्दचं धरण झालं, आपल्या चामोर्शीजवळ चिचडोह बॅरेज झालं. पाणी केव्हा चढेल आणि केव्हा उतरेल हे आता नुसत्या ऋतूवर राहिलं नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्दमधून सोडलेल्या पाण्याने जिल्ह्यात काय झालं, ते आपण पाहिलं. रेतीघाटांवरून रेती उपसली जाते, पात्राची ठेवण बदलते. ज्या रेतीत तू उतरायला घाबरतोस तीच रेती पुढच्या पिढीला या जागी, या आकारात दिसेलच असं नाही. यात्रेतला डोंगा, रेतीत खोदलेला झिरा, ओल्या साडीचा पदर वाऱ्यावर वाळवणाऱ्या दोघी बायका, हासुद्धा साठाच आहे आणि तोही भरून निघत नाही. कॅमेरा सुस्थितीत पुढच्याच्या हाती देशील, पण त्याच्यासोबत काय देशील?

साशंक : नोंद ठेवायला माझा विरोध नाही. पण ती नोंद रोलवरच का? मोबाइलमध्ये पाणी सहज जात नाही, त्यात फिरणारी रिंग नाही, उघडायचं झाकण नाही. दिवसभरात शेकडो फोटो निघतील. तुम्ही एका रोलच्या छत्तीस फोटोंसाठी एवढी मोठी जोखीम घ्यायला सांगता.

उत्साही : मोबाइलला मी नावं ठेवत नाही. त्याने नोंद होते आणि व्हावीही. पण ती नोंद कुठे जाते ते बघ. मोबाइल बदलला, मेमरी भरली, पासवर्ड विसरला, की गेली. आपला जिल्हा झाला १९८२ च्या ऑगस्टमध्ये. त्याच्याही आधीच्या यात्रेच्या निगेटिव्ह आपल्या भागात लोकांच्या पेट्यांमध्ये आहेत. कुणी त्यांची निगा राखली नाही, कुणी त्यांची दुसरी प्रत काढली नाही, तरी त्या आहेत आणि उजेडापुढे धरल्या तर माणसं ओळखू येतात. निगेटिव्ह वाचायला कुठलं यंत्र लागत नाही, डोळा पुरतो. दुसरी गोष्ट, छत्तीस फोटोंची मर्यादा मला उणीव वाटत नाही. आंघोळ करणाऱ्या लोकांमध्ये कॅमेरा घेऊन जाणं ही नाजूक गोष्ट आहे. मोजकेच फोटो हातात असले की माणूस थांबतो, समोरच्याला विचारतो, नको म्हटलं तर कॅमेरा खाली घेतो. आणि पाण्याशी फोटोग्राफीचं वैर असतं, ही समजूतही तपासून पाहा. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली त्या काळात ओल्या काचेची पद्धत पसरत होती. काचेवर रसायन चढवायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि तिथेच तंबूत धुवायचा. सगळं काही मिनिटांत. त्या फोटोग्राफरला पाणी जवळ असल्याशिवाय कामच करता येत नसे. नदीकाठ त्याची सोय होती.

साशंक : त्याची सोय होती, कारण त्याला पाणी हंड्यातून हवं होतं, कॅमेऱ्यात नव्हे. बरं, तत्त्व बाजूला ठेवू. प्रत्यक्षात काय करायचं ते सांगा. ‘काळजी घ्यावी’ एवढ्यावर मी कॅमेरा बाहेर काढणार नाही.

उत्साही : ऐक तर. पहिली गोष्ट घरीच. रोल घरी भरायचा आणि एकाच रोलवर भागवायचं ठरवून निघायचं. लेन्स एकच, तीही घरीच लावलेली. समोर यूव्ही फिल्टर पक्का बसवायचा. ओरखडा पडला तर फिल्टरवर पडेल, तो बदलता येतो. वर हूड लावायचा, म्हणजे बोट आणि शिंतोडे दूर राहतात. दुसरी गोष्ट पन्नीची. जाड, पारदर्शक पन्नी घ्यायची, तिला हूडच्या मापाचं भोक पाडायचं आणि कडा रबरबँडने हूडवर आवळायच्या. कॅमेरा आत, पन्नीचं तोंड खाली, त्यातून दोन्ही हात आत. व्ह्यूफाइंडरला पन्नीतूनच डोळा लावायचा, थोडं धूसर दिसतं, पण काम चालतं. तिसरी गोष्ट, कॅमेरा रेतीवर कधीच ठेवायचा नाही, एका मिनिटासाठीही नाही, दुपट्टा अंथरून त्यावरही नाही, कारण दुपट्टा उचलला की त्यावरची रेती उडते. तो गळ्यात तरी असेल नाहीतर पिशवीत. पिशवीसुद्धा घरून झटकून आणलेली हवी. माझ्या अनुभवात निम्मी रेती पिशवीच्या तळातून येते, नदीतून नाही. चौथी गोष्ट पुसण्याची. काचेवर कण दिसला की हात कापडाकडे जातो, तो आवरायचा. आधी रबरी ब्लोअरने हवा मारायची, मग मऊ ब्रश आणि सगळ्यात शेवटी कापड. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे थेंब उडतात. ओला हात असेल तर कॅमेऱ्याला लावायचाच नाही. एक कोरडा दुपट्टा फक्त हातांसाठी वेगळा ठेवायचा.

साशंक : आणि रोल संपला तर?

उत्साही : तोच सगळ्यात कठीण क्षण, म्हणून तो मी शेवटी ठेवला. मागचं झाकण उघडलं की कापडी शटर उघडं पडतं. रोलच्या डबीच्या तोंडाशी मखमलीची पट्टी असते, ती उजेड अडवते. त्या मखमलीत एक जरी कण अडकला तर फिल्म सरकताना तो तिच्यावर घासत जातो आणि पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत सरळ रेघ ओढली जाते. तीच फिल्म परत गुंडाळताना पुन्हा तिथूनच जाते. म्हणून रोल रेतीवर बदलायचा नाही. बदलायचाच असेल तर रेती सोडून वर यायचं, आडोसा शोधायचा, हात धुवून कोरडे करायचे, कॅमेरा बाहेरून ब्लोअरने झाडायचा, मगच झाकण उघडायचं आणि ते खालच्या दिशेला तोंड करून. फिल्म आत फाटली किंवा अडकली तर काळ्या चेंजिंग बॅगशिवाय हात लावायचा नाही. काढलेला रोल लगेच त्याच्या डबीत, डबी पन्नीत, पन्नी अंगाजवळच्या खिशात.

साशंक : एवढं ऐकल्यावर माझी शंका कमी होण्याऐवजी वाढली. बंदोबस्त जितका वाढतो तितका त्यातला कच्चा दुवा लहान होतो आणि म्हणून दिसेनासा होतो. पाण्याखालच्या कॅमेऱ्याचंच उदाहरण घ्या. समुद्रसंशोधक झाक-ईव्ह कुस्तोसाठी बेल्जियमच्या झाँ द वूतर्सने कॅलिप्सो तयार केला, पुढे निकॉनने तो घेतला आणि १९६३ पासून निकोनॉस नावाने विकला. २००१ पर्यंत ती मालिका चालली. पाण्यात उतरायलाच बनवलेला कॅमेरा. त्याचं सगळं संरक्षण रबराच्या गोल कड्यांवर. त्या कड्यावर रेतीचा एक कण बसला किंवा एक केस अडकला, की पाणी आत. म्हणजे पाण्यापासून वाचवणारी सर्वात पक्की व्यवस्था रेतीच्या एका कणापुढे हरते. तुमची पन्नी तर त्याहून कच्ची. त्यात ऊन. महाशिवरात्रीची पहाट गार असते आणि दुपार तापते. बंद पन्नीत हवा तापते, हातांचा घाम वाफ होऊन आत राहतो, काचेवर धुकं येतं. आणि हेच कुणी मे महिन्यात केलं तर? आपल्याकडचा पारा ४५ च्या वर जातो. रिंगमधलं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर पसरेल, रंगीत फिल्मचे रंग बदलतील. आणि मला सगळ्यात खुपतं ते वेगळंच. एवढ्या बंदोबस्तात अडकलेल्या माणसाचं लक्ष कुठे असतं? पन्नीकडे, रबरबँडकडे, दुपट्ट्याकडे. नदीकडे नसतं. वैनगंगेत डोह आहेत, पाणी अचानक वाढू शकतं. कॅमेरा वाचवायच्या नादात पाय कुठे पडतोय हे न बघणारा माणूस मला जास्त धोक्यात दिसतो.

उत्साही : शेवटचं म्हणालास ते सगळ्यात आधी मान्य. गुडघ्याच्या वर पाण्यात कॅमेरा घेऊन जायचंच नाही आणि सोबत एक माणूस हवा, ज्याच्या हातात कॅमेरा नाही. पन्नी बंद करून उन्हात ठेवायची नाही, तिचं तोंड उघडं हवं, सावली मिळेल तेव्हा कॅमेरा बाहेर काढून वारा लागू द्यायचा. कड्यावरचा कण मला मान्य आहे. पण त्यावरून तू काढलेला निष्कर्ष मान्य नाही. पूर्ण सुरक्षा मिळत नाही म्हणून सुरक्षाच निरर्थक, असं तू म्हणतोस. मी म्हणतो, धोका कोणत्या जातीचा आहे ते ओळखून तेवढीच सुरक्षा ठेवावी. कोकणात तारकर्लीला किंवा गणपतीपुळ्याला गेलास तर तिथे पाण्यात मीठ आहे. शिंतोडा वाळला तरी मीठ उरतं, ते हवेतली ओल ओढतं आणि धातू खात राहतं. तिथला कॅमेरा संध्याकाळी बाहेरून ठीक दिसेल आणि महिन्याने आतून गेलेला असेल. वैनगंगेत मीठ नाही. इथला पाण्याचा थेंब वाळला की बहुतेक वेळा गोष्ट संपते. इथे खरा शत्रू रेती आणि पूर ओसरल्यावर राहणारा बारीक गाळ. म्हणून समुद्रावर मी पाण्यापासून आधी वाचवीन, इथे रेतीपासून.

साशंक : आणि हातातून सुटून तो पाण्यात पडलाच तर? तेव्हा जात ओळखून काय उपयोग?

उत्साही : तेव्हाही कामाला येते. समुद्रात पडला तर आधी गोड्या पाण्यात बुडवून मीठ काढावं लागतं, ऐकायला विचित्र वाटलं तरी. नदीत पडला तर ते लागत नाही. बाहेर काढायचा, बॅटरी काढायची, पाणी निथळू द्यायचं, कळ ओढून किंवा शटर दाबून बघायचं नाही आणि लवकरात लवकर दुरुस्ती जाणणाऱ्याकडे पाठवायचा. तांदळाच्या डब्यात खुपसायचा नाही. आपण भाताच्या मुलखातली माणसं, तांदूळ घरोघरी असतो, म्हणून हा उपाय सुचतो. पण तांदूळ ओल फारशी ओढत नाही, उलट त्याची भुकटी आत शिरते. फिल्मचं मात्र उलटं आहे. ती वाळवायची घाई करायची नाही. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. भिजला की फुगतो आणि गुंडाळीत तसाच वाळला तर थर एकमेकांना चिकटतात. म्हणून भिजलेला रोल स्वच्छ पाण्याच्या डबीत, उजेडापासून दूर, ओलाच ठेवायचा आणि तसाच लॅबला न्यायचा. तिथे त्याला पाण्यातच धुवायचं आहे. पाण्यापेक्षा फिल्मला चुकीच्या ठिकाणी वाळणं जास्त भोवतं. १८९७ मध्ये सॉलोमन आंद्रे आणि त्याचे दोन सोबती फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि बर्फात मेले. १९३० मध्ये क्विटोया बेटावर त्यांचा मुक्काम सापडला, त्यात त्या सोबत्यांपैकी नील्स स्ट्रिंडबर्गने काढलेल्या फिल्म होत्या. ३३ वर्षं बर्फात आणि ओलीत पडलेल्या त्या फिल्म जॉन हर्ट्झबर्गने धुतल्या आणि २४० पैकी ९३ फोटो वाचले. त्या माणसांचे शेवटचे दिवस आज आपल्याला दिसतात ते त्या फिल्ममुळे.

साशंक : हे उदाहरण तुम्ही माझ्या बाजूने दिलंत, काका. तिथे फिल्म वाचली, म्हणून आपण फिल्मची गोष्ट सांगतो. कॅमेऱ्याचं काय झालं याची फिकीर कुणी करत नाही. तुमच्या मनात कॅमेरा म्हणजे फिल्मपर्यंत पोचवणारं वाहन, वाहन गेलं तरी चालेल. माझ्या मनात तसं नाही. एका रोलमध्ये छत्तीस फोटो आहेत. पण कॅमेऱ्यात पुढचे सगळे रोल आहेत, माझे आणि माझ्यानंतर तो ज्याच्याकडे जाईल त्याचेही. एका यात्रेसाठी पुढच्या शंभर यात्रा पणाला लावायच्या, हा हिशोब मला जुळत नाही.

उत्साही : म्हणजे आता आपला वाद नेमका कुठे आहे, ते कळलं. मी क्रम लावतो तो असा : आधी माणूस, मग काढून झालेला रोल, मग लेन्स, सगळ्यात शेवटी कॅमेऱ्याचा सांगाडा. तू रोल आणि कॅमेऱ्याची जागा बदलतोस. बदल, तुझा कॅमेरा आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेव. न वापरलेला कॅमेरा जपला जातो, हे खरं नाही. कपाटात पडून ग्रीस घट्ट होतं, कापडी शटरची चाल मंदावते, झाकणाच्या कडेचा फोम चिकट होऊन गळतो. आपल्याकडचा पावसाळा तर ठाऊकच आहे. चामड्याच्या केसमध्ये बंद केलेला कॅमेरा ऑक्टोबरमध्ये उघडला तर लेन्सच्या आत बुरशीची जाळी दिसते. चामडं ओल धरून ठेवतं. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवलास, तरी महिन्यातून एकदा सगळ्या वेगांवर शटर चालवावंच लागतं. म्हणजे तुझ्या शंभर यात्रा कपाटातही सुरक्षित नाहीत. कॅमेऱ्याला दोन बाजूंनी धोका आहे, रेतीचा आणि पडून राहण्याचा. तू एकाच बाजूला पहारा ठेवतोस.

साशंक : पडून राहण्याचा धोका मी नाकारत नाही, आणि वापरायचाच नाही असंही माझं म्हणणं नाही. वापर आणि जोखीम यांत फरक करा. मी देवळाच्या आवारात फोटो काढीन. नदीच्या उंच काठावर उभा राहून, लांबची लेन्स लावून, अख्खी यात्रा टिपीन. पात्र दिसेल, डोंगे दिसतील, माणसं दिसतील. कॅमेरा वापरात राहील आणि रेतीपासून दूरही. रेतीत उतरायलाच हवं, असं कुणी सांगितलंय?

उत्साही : कुणी नाही, आणि काठावरून चांगले फोटो येतात, हेही खरं. पण ते वेगळे फोटो असतात. काठावरून यात्रा म्हणजे गर्दी दिसते. रेतीत उतरलं की त्या गर्दीतली एक म्हातारी दिसते, जी झिऱ्यातून ओंजळीने पाणी काढते आणि सोबत आणलेल्या बाटलीत भरते, घरी राहिलेल्या कुणासाठी तरी. तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय तो फोटो काढता येत नाही आणि बोलायचं तर तिच्या उंचीवर, तिच्या रेतीवर बसावं लागतं. लांबच्या लेन्सने तिचा चेहरा मोठा करता येतो, पण तिने तुझ्याकडे बघावं असं त्या लेन्सने घडत नाही. यात्रेच्या नोंदीत मला ती म्हातारी हवी आहे, गर्दी तर बातम्यांतही येते. तू वाचवलेला कॅमेरा तिच्यापर्यंत पोचणार नसेल, तर तो नेमका कशासाठी वाचवला?

साशंक : हा प्रश्न मला टोचतो, कारण त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण मग माझाही प्रश्न घ्या. समजा मी उतरलो. पन्नी, फिल्टर, हूड, कोरडा दुपट्टा, सोबत माणूस, सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे. छत्तीस फोटो संपले. वारा वाढलाय, ऊन उतरतंय, पात्रावर चांगला उजेड पडलाय. ती म्हातारी आत्ता झिऱ्यापाशी बसलीये. आडोसा वर देवळात आहे, तिथे जाऊन रोल बदलून परत यायला अर्धा तास. तुम्ही काय कराल?

उत्साही : मी रेतीवर रोल बदलणार नाही. तेवढा नियम मी मोडत नाही. वर जाईन, बदलीन, परत येईन. ती निघून गेली असेल तर दुसरी कुणी असेल.

साशंक : दुसरी कुणी असेल, असं तुम्ही म्हणता. मघाशी तर तुम्ही म्हणत होता की तिच्या जागी दुसरी चालत नाही. म्हणजे रेती आणि माणूस समोरासमोर आले तेव्हा तुम्हीही रेतीला मान दिलात, कॅमेरा आणि रोल सुरक्षित ठेवलेत आणि म्हातारी सोडून दिलीत. माझी रेघ काठावर आहे, तुमची झिऱ्यापाशी. पण रेघ तुमच्याकडेही आहे.

उत्साही : आहे, आणि ती मी लपवणार नाही. रेघच नको असं मी कधी म्हटलं नाही. पण आपल्या दोघांच्या रेघा एकाच जातीच्या आहेत का, हे बघ. तू रेघ ओढतोस ती घरून निघण्याआधी, कॅमेऱ्याकडे बघून. मी ओढतो ती तिथे पोचल्यावर, समोरच्या माणसाकडे बघून, आणि दर वेळी ती थोडी वेगळी पडते. माझ्या पद्धतीत चूक होण्याची शक्यता जास्त आहे, हे मला कळतं. तुझ्या पद्धतीत चूक झाली तरी कळत नाही, कारण न काढलेला फोटो कुणाला दिसत नाही.

साशंक : आणि तुमच्या पद्धतीत बिघडलेला कॅमेरा मात्र सगळ्यांना दिसतो. म्हणून मी काठ निवडतो. तरी एवढं कबूल करतो की आजवर मी जोखीम मोजत होतो ती फक्त उतरण्याची. काठावर थांबण्यातही काही गमावलं जातं, ते मी हिशोबात धरतच नव्हतो. ते धरलं तर कदाचित महाशिवरात्रीला मी चपला काढून रेतीत उतरेन. पण तुमच्यासारखं तिथे पोचल्यावर ठरवणार नाही. किती पुढे जायचं, कुठे थांबायचं, कुठल्या क्षणी कॅमेरा पिशवीत घालायचा, हे मी घरूनच ठरवून निघेन.

उत्साही : ठरवून निघ. मग झिऱ्यापाशी पोचल्यावर तुझं ठरवलेलं टिकतं की नाही, ते मला सांग. आणि माझा तिथे जाऊन ठरवण्याचा हट्ट कधी महाग पडला, तर तेही मी तुला सांगेन. या दोन हिशोबांतला कुठला बरोबर, हे आपल्या दोघांपैकी एकाला एकट्याने कळणार नाही.